आतला टायर

वहिनींना बसून चहा पिताना कुणी पाहिलं नव्हतं. एका हातात कप, दुसऱ्या हातात हवेचं मीटर, आणि डोळे रस्त्यावरून जाणाऱ्या चाकांवर. दुकानात पाठ टेकायला गादीची चांगली खुर्ची होती. तिच्यावर त्यांचा नवरा बसायचा. "मला ती खुर्ची चावते," असं वहिनी म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. दोन मिनिटं बसल्या की त्यांना काहीतरी आठवायचं आणि त्या उठायच्या.

वय अठ्ठावन्न. हमरस्त्याला लागून टायरचं दुकान. पुढे सिमेंटचं अंगण, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये उतरंडीसारखे रचलेले टायर आणि मागे दोन खोल्यांचं घर. दुकान मूळचं नवऱ्याचं. त्यांना सगळे दादा म्हणत, म्हणून बायको आपोआप साऱ्या रस्त्याची वहिनी झाली. ट्रकवाले, टेम्पोवाले, मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या आया, जो तो "वहिनी, हवा!" असं ओरडतच गाडी आत घालायचा.

सव्वीस वर्षांपूर्वी ट्रकचं चाक उचलताना दादांच्या कमरेत अशी लचक भरली की ते आठ महिने अंथरुणाला खिळले. तेव्हा वहिनी दुकानात नुसत्या "मालक आजारी आहेत, पुढच्या महिन्यात या" एवढं सांगायला बसल्या होत्या. चौथ्या दिवशी एक टेम्पोवाला म्हणाला, "बाई, पुढचा महिना नाही चालणार. माझ्या गाडीत बर्फ आहे." वहिनींनी बाह्या सरसावल्या. आतल्या खोलीतून दादा झोपल्या झोपल्या ओरडून सांगत होते आणि बाहेर वहिनी तसतसं करत होत्या. चाक निघायला दीड तास लागला. निम्मा बर्फ वितळला. पण तो टेम्पोवाला पुढची वीस वर्षं दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही.

दादा बरे झाले, पण वजन उचलणं कायमचं गेलं. मग ते खुर्चीवर आणि वहिनी चाकांपाशी, अशी वाटणी झाली ती झालीच.

चाकांचं हे वेड पुढे फारच वाढलं. कुठेही गेल्या तरी वहिनी आधी माणसांकडे बघायच्या नाहीत, गाड्यांच्या टायरांकडे बघायच्या. दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्या की आधी दारातल्या रुग्णवाहिकेला एक प्रदक्षिणा. आणि दिसलं ते बोलून टाकायचं, हा दुसरा रोग. "तुमचा पुढचा डावा एका बाजूने झिजतोय." "मागे हवा किती भरलीय, फुगा करायचाय का?" निम्मे लोक हसायचे, निम्मे चिडायचे. त्यात नणंदबाई चिडल्या त्या तीन वर्षं चिडलेल्याच राहिल्या.

नणंदबाई म्हणजे दादांची थोरली बहीण. इस्पितळात मोठ्या परिचारिका होत्या, आवाजात अजून वॉर्डातला दरारा. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी, पाहुणे जेवत असताना, वहिनी बाहेर गाड्यांमधून फिरून आल्या आणि भर पंगतीत नवरदेवाच्या वडिलांना म्हणाल्या, "तुमच्या गाडीचे चारही टायर गोटा झालेत हो, नक्षी उरलीच नाही. मुलीला त्या गाडीतून नका नेऊ." व्याह्यांचा घास तसाच हातात राहिला. त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नणंदबाईंचं शेवटचं वाक्य तेवढं वहिनींच्या मनात घर करून राहिलं: "तुझ्या जिभेला हाड नाही, वहिनी. माझ्या घरच्या कार्यात तू मला खाली बघायला लावलंस."

तीन वर्षं बोलणं बंद. दादा अधूनमधून बहिणीला भेटून यायचे आणि काही न सांगता खुर्चीवर बसायचे.

आणि मग एका सकाळी आठच्या सुमाराला एक पांढरी घरगाडी अंगणात वळली. कॅरव्हॅन म्हणतात ती. आत पलंग, ओटा, बेसिन, सगळा संसार. चालवत होते भावोजी, म्हणजे नणंदबाईंचे यजमान. आयुष्यभर ग्रंथालय सांभाळलेला, हळू बोलणारा माणूस. शेजारी नणंदबाई.

"वहिनी, हवा भरून दे," नणंदबाई खाली उतरत म्हणाल्या. जणू कालच भेटल्या होत्या.

वहिनींनी हात फडक्याला पुसले. "भरते की, वन्सं. या. चहा टाकू?"

"चहा नको, उशीर झालाय. दोन महिने फिरायला निघालोय. गेल्याच आठवड्यात घेतली ही. जुनी आहे, पण फारशी चाललेली नाही."

भावोजींनी मागचं दार उघडून कौतुकाने आत दाखवलं. पलंगाखाली खोकी अगदी फळीवर पुस्तकं लावावी तशी ओळीत बसवली होती. पुस्तकंच होती ती. एका कोपऱ्यात नणंदबाईंचं लोखंडी शिवणयंत्र पट्ट्याने बांधलेलं. बेसिनखाली, वाटेत, न्हाणीत सगळीकडे फुलझाडांच्या कुंड्या. "दोन महिने पाणी कोण घालणार?" नणंदबाई म्हणाल्या. मागे बाहेरून दोन सायकली टांगलेल्या.

"वजन केलंत का कुठे?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"सहा माणसं झोपतात हिच्यात," भावोजी हसत म्हणाले. "आम्ही तर दोघंच. भरपूर जागा आहे."

जागा वेगळी आणि वजन वेगळं, असं वहिनींच्या जिभेवर आलं होतं. पण नणंदबाईंनी भुवई वर केली. तीन वर्षं जिची वाट पाहिली तीच ती भुवई. वहिनींनी ते वाक्य गिळलं आणि हवेचा पाइप ओढला.

पुढची दोन चाकं ठीक. मागे जोडचाकं होती, दोन्ही बाजूंना दोन-दोन, एक बाहेर, एक आत. बाहेरच्यांवर नक्षी ताजी, बाजू काळ्याभोर. आतल्यांत हवा भरायची तर लांब नळी लागते. वहिनींची नळी परवाच तुटली होती. मग खाली झोपून हात घालावा लागतो, आणि त्यांचा उजवा गुडघा पावसाळ्यापासून वाकायला तयार नव्हता. त्यांनी लाकडी हातोडीने डाव्या आतल्या टायरवर एक ठोका मारला. भरलेला टायर टणकन बोलतो. हा बोलला, पण कसा बोलला ते नीट कळलं नाही, कारण त्याच क्षणी मागून आवाज आला.

"झालं का? का नेहमीसारखं सुरू करणार आहेस?"

वहिनी उठल्या. कपड्यांची धूळ झटकली. "झालं. ठीक आहे सगळं."

"बघ, बोलली नाही ती एक अक्षर!" नणंदबाई दादांना म्हणाल्या आणि चक्क हसल्या. जाता जाता त्यांनी वहिनींचा तेलकट हात हातात घेऊन दाबलासुद्धा.

घरगाडी गेली. दादा आनंदाने म्हणाले, "देव पावला म्हण."

वहिनींनी चहाचा कप उचलला, खाली ठेवला. शेडमध्ये गेल्या, कशाला गेलो ते विसरल्या, परत आल्या. एक स्कूटरवाला पंक्चर काढायला आला. त्याचं मागचं चाक खराब होतं आणि वहिनी पुढचं खोलायला लागल्या. "वहिनी, मागचं!" तो म्हणाला. "माहितीय मला," असं त्याच्यावर खेकसून त्या मागे वळल्या.

टण की भद? नेमका कसा वाजला तो?

सकाळी अंगण धुतलेलं होतं. घरगाडी ओल्यातून वळून रस्त्यावर चढली होती, आणि तिच्या चाकांचे ठसे अजून पुरते वाळले नव्हते. वहिनी तिथे जाऊन उभ्या राहिल्या. बाहेरच्या चाकाचा ठसा भरगच्च, काठापासून काठापर्यंत. आतल्या चाकाच्या फक्त दोन कडा उमटल्या होत्या. मधला पट्टा कोरडा. हवा कमी असलेला टायर असाच चालतो, कडांवर, पाय सुजलेल्या माणसासारखा. बघता बघता उन्हाने तोही ठसा पुसून गेला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मी आतला बघितलाच नाही."

"हातोडी मारलीस की."

"मारली. ऐकली नाही."

दादांनी फोन पुढे केला. पाचव्या घंटीला नणंदबाईंनी उचलला. मागे इंजिनाची घरघर, भांड्यांचा किणकिणाट.

"वन्सं, मी काय म्हणते, मागच्या आतल्या टायरमध्ये हवा थोडी कमी असेल कदाचित."

"कदाचित म्हणजे? तू बघितलास ना?"

इथे खरं सांगायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. वहिनींनी तोंड उघडलं आणि त्यांना त्या हाताचा दाब आठवला, आणि ते हसू.

"हो," त्या म्हणाल्या.

"ठीक आहे म्हणालीस ना?"

"हो."

"मग आता सुरू करू नकोस बाई. किती छान चाललंय आमचं." आणि फोन बंद.

वहिनी फोन हातात धरून तशाच उभ्या. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. सव्वीस वर्षांत त्या टायरबद्दल खोटं कधी बोलल्या नव्हत्या. व्याह्यांशी नाही, पोलिसाशी नाही, ज्या गिऱ्हाइकाने रागाने पाना फेकून मारला होता त्याच्याशीही नाही. आणि आज बोलल्या ते घरच्या माणसाशी.

पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. भावोजींचा तर गाडी चालवताना बंदच असायचा. वाचनालयात शांतता पाळायची सवय.

साडेदहाला वहिनींनी शेडमधून त्या मापाचे दोन नवे टायर गडगडवत आणून दुकानाच्या छोट्या व्हॅनमध्ये टाकले. जॅक, पाने, हवेचं यंत्र, लाकडी ठोकळे. शटर ओढलं.

"अगं, कुठे?" दादा खुर्चीतून अर्धवट उठले.

"त्यांच्या मागे. तुम्ही येताय की खुर्चीला सोबत करताय?"

दादा आले. पहिली वीस मिनिटं त्यांनीच चालवली, आणि ती वीस मिनिटं वहिनींना वीस वर्षांची वाटली. दादा प्रत्येक वळणाला नमस्कार केल्यासारखे थबकायचे. शेवटी वहिनींनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि स्वतः चालवायला बसल्या. ऊन चढत होतं. रस्त्यावरून वाफ निघाल्यासारखी हवा हलत होती. असल्या उन्हात कमी हवेचा टायर आतल्या आत शिजतो, हे वहिनींना ठाऊक होतं. दर मैलाला त्याच्या बाजू दुमडतात आणि उलगडतात. तार शंभर वेळा वाकवली की बोटाला चटका बसतो आणि मग ती तुटते, तसंच. आणि वर पुस्तकं. पुढे चाळीस मैलांवर चढण होती आणि चढणीनंतर उतार. मागचा टायर उतारावर फुटला तर... त्या विचारापुढे वहिनी गेल्याच नाहीत. रस्त्याच्या कडेला काळं काही दिसलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एकदा टायरचा फाटका पट्टा पडलेला दिसला. त्या गाडी थांबवून धावत मागे गेल्या. ट्रकचा होता, जुना, धुळीने भरलेला.

"अगं, तू बस तरी नीट," दादा म्हणाले. "सीटवर निखारे ठेवल्यासारखी काय करतेस?"

"मी ठीक आहे म्हणाले, अहो. मी. माझ्या तोंडाने."

दादांनी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न पिता परत दिली.

चढणीच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर त्यांनी विचारलं. पंपावरचा माणूस नळी लावता लावता म्हणाला, "पांढरी ना? तासभर इथे नाश्ता करून गेली की अर्ध्या तासापूर्वी. मागून अशी बसलेली आणि नाक वर! म्हटलं, ही गाडी रस्त्याने जातेय की आकाश बघतेय?"

वहिनी ऐकायला थांबल्याच नाहीत.

चढणीच्या पायथ्याशी एक तळं होतं, काठावर झाडांची सावली. आणि तिथे ती उभी होती. शाबूत. बाहेर घडीचं टेबल मांडलेलं, दोन खुर्च्या. नणंदबाई सफरचंदाच्या फोडी करत होत्या. भावोजी पुस्तक वाचत होते.

वहिनी व्हॅनमधून उतरून, कुणाला हाक न मारता, सरळ घरगाडीच्या मागच्या डाव्या चाकाकडे गेल्या.

"अरे! बाबू? तुम्ही इथे?" नणंदबाई भावाकडे बघत उठल्या. "काय झालं? घरी सगळे..."

"सगळे बरे आहेत, ताई," दादा म्हणाले. "ती सांगेल."

बाहेरच्या टायरला वहिनींनी तळहाताची मागची बाजू लावली. कोमट. फटीतून आतल्याला लावली आणि झटकन काढून घेतली. मग त्यांनी जमिनीवर पोतं टाकलं, त्या न वाकणाऱ्या गुडघ्याला एक शिवी हासडली आणि पाठीवर सरपटत गाडीखाली गेल्या. बॅटरीचा झोत आतल्या बाजूवर पडला. रबरावर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा. खाली, रिमच्या जवळ, लिंबाएवढा फुगवटा. त्याच्याशेजारी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे, जे प्रत्येक टायरवर असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वहिनींनी ते दोनदा वाचले. टायर अकरा वर्षांचा होता. पलीकडच्या बाजूला सरपटल्या. तिकडचा आतलाही त्याच वयाचा.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. विकणाऱ्याने चांगले टायर बाहेर बसवले होते आणि मेलेले आत. नक्षी तर आतल्यांवरही भरपूर होती, कारण गाडी चाललेलीच नव्हती. वर्षानुवर्षं एका जागी उन्हात उभी होती. उभ्या उभ्या म्हाताऱ्या झालेल्या टायराची नक्षी काही सांगत नाही. सांगतात ते हे आकडे, आणि ते वाचायला खाली झोपावं लागतं.

वहिनी बाहेर आल्या. केसांत गवत, गालावर ग्रीस. नणंदबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "मी सकाळी आतले टायर बघितले नव्हते. हवाही भरली नव्हती. फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. ते टायर अकरा वर्षांचे आहेत. डाव्याला फुगा आलाय. वरची चढण कदाचित चढला असता, पण उतरला नसता."

तळ्याच्या पाण्यावर कुठूनतरी एक पक्षी येऊन बसला. भावोजींनी पुस्तकात खूण घालून ते मिटलं.

"का?" नणंदबाईंनी विचारलं.

"तुम्ही तीन वर्षांनी आला होतात. मला वाटलं, आज तरी काही बोलू नये."

नणंदबाईंचा चेहरा लाल झाला. वहिनींनी मान खाली घातली आणि वॉर्डातल्या त्या आवाजाची वाट पाहिली. तो आलाच.

"तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले, ही बाई जिथे नको तिथे बोलते. आणि ज्या दिवशी बोलायला हवं नेमकी त्याच दिवशी तू गप्प बसलीस? माझ्यासाठी? अगं, मी तुझ्याकडे हवा भरायला का आले? आमच्या घराच्या खालीच पंप आहे! तू बघशील म्हणून आले. तू बघितल्याशिवाय सोडणार नाहीस म्हणून आले मी!"

शेवटचे शब्द फुटले. त्या पाठ फिरवून तळ्याकडे चालत गेल्या. वहिनी त्यांच्या मागे दोन पावलं गेल्या, थांबल्या, परत फिरल्या आणि जॅककडे गेल्या. त्यांना दुसरं काही सुचेना.

"आधी यात हवा भरून बघूया का?" दादांनी हळूच विचारलं.

"अजिबात नाही. तापलेला आणि आतून तुटलेला टायर आहे. हवा भरताना तोंडावर फुटेल. आधी गाडी रिकामी करायची, मग उचलायची."

मग सामान उतरलं. पुस्तकांची नऊ खोकी निघाली. भावोजी प्रत्येक खोकं मूल उचलावं तसं उचलत होते, आणि पाचव्या खोक्यानंतर घाम पुसत म्हणाले, "वाचताना इतकी जड वाटत नाहीत." शिवणयंत्र. हत्यारांची पेटी. सायकली. कुंड्या. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती. वहिनींनी तोटी सोडली तेव्हा पाणी तळ्याकडे ओहोळ होऊन निघालं.

"एकशे वीस लिटर आहे," भावोजी हळहळले.

"एका लिटरचा एक किलो, भावोजी. दोन माणसं आत झोपलेली समजा."

भावोजींनी चष्मा पुसला. "तरीच... स्टिअरिंग आज अगदी लोण्यासारखं हलकं चालत होतं. मला वाटलं, गाडी चांगली मिळाली."

"पुढची चाकं जमिनीला नीट टेकतच नव्हती, म्हणून हलकं. सगळा भार मागच्या चाकांच्याही मागे. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जाणारच."

नणंदबाई कधी परत आल्या ते कुणाला कळलं नाही. वहिनी चाकाचे नट ढिले करत होत्या, पान्यावर अख्खं अंग टाकून. अचानक पान्यावर आणखी दोन हात आले. "जोर लाव," नणंदबाई म्हणाल्या. रागातच म्हणाल्या. पण नट निघाला.

दोन्ही बाजूंचे आतले टायर बदलायला तीनपर्यंत वेळ गेला. जुना डावा टायर रिमवरून काढला तेव्हा त्याच्या पोटातून मूठभर काळा भुगा सांडला. रबराचा चुरा. भावोजींनी तो बोटांवर घेऊन पाहिला आणि गुपचूप पँटला पुसला.

जवळच खडीच्या खाणीचा वजनकाटा होता. घरगाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पत्रा ठोकलेला होता. त्यावर लिहिलं होतं, सगळं मिळून साडेतीन हजार किलो, त्याहून जास्त नाही. सगळं मिळून म्हणजे माणसं, पाणी, चमचेसुद्धा. उतरवलेलं सामान व्हॅनमध्ये भरतानाही वहिनी मोजतच होत्या. आपली व्हॅन तरी एवढं पेलेल का? म्हणून त्यांनी कुंड्या घेतल्या नाहीत. त्या तळ्याकाठीच राहिल्या आणि मागाहून आणायचं ठरलं.

काट्यावर आधी नुसती पुढची चाकं, मग सगळी गाडी. काटेवाला कंटाळलेला माणूस होता. "सगळ्यांची गाडी हलकीच असते," तो कागद देत म्हणाला, "काटाच मेला जड दाखवतो."

तीन हजार चारशे पंचवीस. त्यात नवरा-बायको दोघंही बसलेले. भावोजींनी उतरवलेल्या सामानाचं वजन पेन्सिलीने मांडलं. पुस्तकं काट्यावर घातली, कुंड्या अंदाजाने धरल्या, पाणीही मिळवलं. पाचशे पंधरा भरलं.

"म्हणजे सकाळी आपण चारशे चाळीस किलो जास्त घेऊन चाललो होतो," ते म्हणाले आणि तो आकडा त्यांनी दोनदा अधोरेखित केला.

"आता पंचाहत्तर किलो उरतात," वहिनी म्हणाल्या. "काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. जड ते खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे. डावीकडे किलो तर उजवीकडे किलो."

त्यावरून नवरा-बायकोत असं काही जुंपलं की काटेवाल्याने खिडकी उघडून नीट ऐकायला सुरुवात केली. शेवटी चाळीस लिटर पाणी, हत्यारांतली निवडक आणि एक खोकं पुस्तकं. शिवणयंत्र राहिलं. "दोन महिने उसवलेलं तसंच घाला," नणंदबाई भावोजींना म्हणाल्या.

"कुंड्या मी आणते घरी," वहिनी म्हणाल्या.

"त्या मरतील तुझ्याकडे. तू एका जागी थांबून पाणी घालणार आहेस का?" आणि त्यांनी काटेवाल्याला विचारलं, "भाऊ, फुलझाडं आवडतात का? तळ्याकाठी ठेवलीत, घेऊन जा." तो गोंधळून हो म्हणाला. त्या कुंड्या पुढे खाणीच्या धुळीत कशा जगल्या देव जाणे, पण जगल्या म्हणतात.

निघताना वहिनींनी सहाही चाकं मीटर लावून पाहिली. आतल्या दोन्हींना खाली झोपून. मग घरगाडीचा एक फेरा मारला. मग दुसरा.

"वहिनी, बास," नणंदबाई खिडकीतून म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "नाही. मार आणखी एक."

तिसऱ्या फेऱ्यात वहिनींना परत टांगलेल्या सायकलींचा पट्टा ढिला सापडला, आणि सायकली त्या पंचाहत्तर किलोंत धरल्याच नाहीत हेही लक्षात आलं. त्या काढून व्हॅनमध्ये बांधल्या. भावोजी तेवढ्यात आरसा नीट करायला लागले.

गाडी चढणीला लागली आणि वळणाआड गेली. आता तिचं नाक खाली होतं.

परतीच्या वाटेवर दादांनी चालवली. वहिनींनी काही म्हटलं नाही. त्यांचे हात मांडीवर होते, पण बोटं गुडघ्यावर टकटक वाजत होती.

"आता तरी निवांत हो," दादा म्हणाले.

"मी वरवर बघून किती जणांना ठीक आहे म्हटलं असेल, अहो? गुडघा दुखायला लागल्यापासून? पावसाळ्यापासून?"

दादांनी गाडीचा वेग आणखी कमी केला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी लांब नळी विकत आणली, आणि सुताराकडून चार छोटी चाकं लावलेली एक फळी करून घेतली, तिच्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकता यावं म्हणून. मग वही काढून पावसाळ्यापासून आलेल्या जोडचाकांच्या गाड्या आठवायला बसल्या. म्हणजे उभ्याच राहिल्या. सतरा निघाल्या. सतरा जणांना फोन केले. "मी तुमचे आतले टायर नीट बघितले नव्हते. येऊन दाखवा, पैसे नाही घेणार." बारा जण आले. दोघांनी शिव्या दिल्या. तिघांचा पत्ता लागला नाही, आणि त्या तिघांच्या गाड्या वहिनी अजून रस्त्यावर शोधतात. रंग आठवतो एकीचा, निळा.

नणंदबाईंचा फोन रोज सकाळी सातच्या आत येतो, गाडी सुरू करायच्या आधी, टायर थंड असताना. वहिनींनी निघताना दिलेल्या मीटरचे सहा आकडे त्या वाचून दाखवतात, नाडीचे ठोके सांगावेत तशा. कधी मधेच म्हणतात, "तुझ्या या मीटरने माझी सकाळ खाल्ली, वहिनी." आणि आकडे पुन्हा पहिल्यापासून वाचतात, कारण वहिनींनी चौथा नीट ऐकलेला नसतो.